डबा क्रमांक अडतीस

"माझा गळा तूच उघडायचास, हेमा. दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा नाहीस. आणि जे दिसेल ते छापून आणायचंस. नुसतं सांगून उपयोग नाही, छापलेलंच मानतात ही माणसं."

विशाखा मगदूम हे बोलली होती खरी, पण त्यात आवाज असा नव्हताच. घशातून नुसती हवा यायची आणि ओठ तिला शब्दांचा आकार द्यायचे.

समोरच्या पडद्यावर उत्तर उमटलं तेव्हा डॉ. हेमांगी रेंदाळकरांना तेच ओठ आठवले. तिसऱ्यांदा पाठवलेला शोधनिबंध तिसऱ्यांदा परत आला होता. अकरा मिनिटांत. कपातला चहा अजून प्यायच्या जोगा होता.

'देहरचना' हे शरीररचनाशास्त्राचं त्रैमासिक. त्यात छापून आलं म्हणजे ते शास्त्रात आलं, असं हेमांगीबाई तीस वर्षं मानत आल्या होत्या. पूर्वी निबंध पाठवला की तो तीन तज्ज्ञांकडे जायचा, त्यांची नावं गुप्त. चार-चार महिने वाट बघायची, मग शेरे यायचे. त्यातला एक परीक्षक भला असायचा, एक वरवर वाचणारा आणि एक हमखास खाष्ट. त्या खाष्टाला उत्तरं लिहिताना बाई रडकुंडीला यायच्या. पण कुठेतरी एक माणूस आपलं वाक्य न् वाक्य वाचून चिडलंय, याचीही एक सोबत वाटायची. आता ते तिघे गेले होते आणि 'समीक्षक' नावाचं यंत्र आलं होतं. निबंध कुठल्याही भाषेत पाठवा, ते वाचायचं, सगळी मोजमापं पुन्हा करायचं, देहाचं स्कॅन स्वतः उघडून बघायचं. ते कधी चिडत नसे.

'आपल्या परिश्रमांबद्दल आभार,' समीक्षकानं लिहिलं होतं. 'आपण वर्णन केलेली शाखा स्कॅनमध्ये आढळत नाही. देह एकच असून त्यावर पूर्वी शस्त्रक्रिया झालेली आहे. निरीक्षक आणि देहदाता यांचे नाते मैत्रीचे असल्याने निरीक्षणावर अपेक्षेचा प्रभाव संभवतो.'

हे शेवटचं बाईंनीच ओढवून घेतलेलं. निबंधासोबतच्या अर्जात 'देहदात्याशी नाते' या रकान्यापुढे तीनच पर्याय होते: नातेवाईक, रुग्ण, काहीही नाही. 'काहीही नाही' यावर बोट टेकवणं त्यांच्यानं झालं नाही. म्हणून त्यांनी खाली शेऱ्याच्या जागी लिहिलं, 'मैत्रीण, बावीस वर्षं.'

"काय झालं मॅडम? पास का नापास?" दारातून दस्तगीरनं विचारलं. दस्तगीर मुजावर विच्छेदन कक्षातला जुना परिचर, दोन वर्षांत निवृत्त होणारा.

"नापास."

"तिसऱ्यांदा? आमच्या धाकट्यानं बारावीला एवढ्या गटांगळ्या खाल्ल्या न्हाईत."

बाई हसल्या. त्या दिवसातलं ते एकच हसणं.

विशाखा आणि त्या मिरजेच्या किल्ला भागात एकाच जिन्यावर समोरासमोर राहायच्या. हेमांगीबाईंचे यजमान जाऊन अकरा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. विशाखाचा मुलगा केदार नेदरलँड्समध्ये यंत्रांचे आराखडे करणारा. दोघींचा एक नेम होता. तिन्हीसांजेला हेमांगीबाईंच्या देवघरात दिवा लागला की विशाखा पदराला हात पुसत यायची आणि दोघी स्तोत्र म्हणायच्या. एक ओळ हेमाची, पुढची विशाखाची. विशाखा मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची. तळमजल्यावर तिनं हजेरी घेतली की तिसऱ्या मजल्यावरच्या मुली गप्प बसत, असा तो आवाज. तिची ओळ आली की देवघरातलं पळीपंचपात्र किणकिणायचं आणि हेमांगीबाई म्हणायच्या, "अगं हळू, देव काही बहिरा नाही."

मग विशाखाच्या गळ्यातल्या ग्रंथीला गाठ आली. मोठ्या शहरातल्या एका रुग्णालयात यंत्रहातानं ती काढली. यंत्रहाताच्या पोटात माणसाच्या शरीराचा संपूर्ण नकाशा असतो. स्वरयंत्राला जाणारी नस कुठून येते ते त्याला ठाऊक असतं आणि तिच्यापासून तो बरोबर दोन मिलिमीटर लांब राहतो. राहिलाही. नस शाबूत, असा अहवाल आला. विशाखा शुद्धीवर आली ती मात्र आवाजाविना.

घशात नळी घालून डॉक्टरांनी पाहिलं. स्वरपडदे हलत होते. बोलताना तेवढी मागच्या बाजूला केसभर फट राहत होती. अशी फट मनावर ताण असला तरी राहते, असं ते म्हणाले, आणि ते काही खोटं नव्हतं. मनाच्या डॉक्टरांकडे वर्षभर खेपा झाल्या. केदार पडद्यावरून समजवायचा, "आई, नस चांगली आहे, रिपोर्टच सांगतोय. तू मनापासून प्रयत्न कर ना."

आणि एका संध्याकाळी स्तोत्र म्हणताना, विशाखाच्या ओळीला नुसती हवा ऐकू आली तेव्हा हेमांगीबाईही बोलून गेल्या, "विशाखा, एकदा जोर तरी लावून बघ गं."

विशाखानं त्यांच्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून तिनं आपल्या ओळीला ओठ हलवणंही सोडलं. यायची, बसायची, दिव्याकडे बघत राहायची. हेमांगीबाई आपली ओळ म्हणायच्या, तिच्या ओळीपुरत्या थांबायच्या, मग पुढची म्हणायच्या. त्या एका वाक्याची माफी त्यांनी तीन वेळा मागितली. विशाखानं तिन्ही वेळा "जाऊ दे गं" म्हणून हात झटकला. पण गेलं नव्हतं. नाहीतर शेवटच्या आजारपणात, हृदय थकलेलं असताना, तिनं देहदानाचा अर्ज मागवून घेतला नसता आणि हेमाचा हात धरून म्हटलं नसतं, "मी ढोंग करत होते का, एवढं बघून सांग. मलाही आता कळेनासं झालंय."

हेमांगीबाईंनी हो म्हटलं होतं.

विशाखाचा देह विभागात आला तेव्हा त्याला अडतिसावा क्रमांक मिळाला. ओळखीच्या देहावर सुरी चालवायची नाही, असा विभागाचा रिवाज. दस्तगीरनं तो हळूच आठवण करून दिला.

"मला माहीत आहे रे. पण तिनं सांगितलंय."

"मग काय बोलायचं न्हाई," दस्तगीर म्हणाला आणि दिव्याची मान वळवून त्यानं उजेड गळ्यावर आणला.

स्कॅन आधीच झालं होतं, नियमच तसा. आता हातानं विच्छेदन करणारे कक्ष राज्यात मोजके उरले होते. मुलं पडद्यावरच देह उलगडायला शिकत. बाईंनी पायांना हात लावून नमस्कार केला. डोळ्यांवर भिंग चढवलं आणि कामाला लागल्या. रोज दोन तास, अकरा दिवस.

आवाजाची नस मोठी अजब वाट घेते. मेंदूकडून ती गळ्यातून खाली उतरते, स्वरयंत्राच्या शेजारून जाते पण तिथं थांबत नाही. डावीकडची तर थेट छातीत जाते, हृदयातून निघालेल्या महारोहिणीला खालून वळसा घालते आणि श्वासनलिकेच्या कडेनं पुन्हा वर येऊन स्वरयंत्राला भेटते. समोरच्या घरी जायला गावाबाहेरून फेरा मारावा तशी. विशाखाची ही नस जागेवर होती, धडधाकट होती. यंत्रहातानं तिला खरंच धक्का लावलेला नव्हता.

नवव्या दिवशी चिमट्याच्या टोकाला काहीतरी अडलं. खाली उतरणाऱ्या मूळ नसेतूनच एक तंतू फुटून, गावाला फेरा न घालता, सरळ आत निघाला होता. केसापेक्षा थोडा जाड. ग्रंथीच्या मागच्या बांधाजवळ तो तुटलेला होता आणि तुटल्या टोकाला, जिवंतपणी कापल्या गेलेल्या नसेला धरते तशी, मोहरीच्या निम्म्यानं एक गाठ. पलीकडे दुसरं तुटकं टोक होतं, ते स्वरयंत्राच्या मागच्या एका लहानशा स्नायूत शिरत होतं. बोलताना मागची फट मिटवतो तोच हा स्नायू. इतरांत त्याला दोन्हीकडच्या मोठ्या नसा पोसतात. विशाखात हा एवढा तंतूच त्याला पोसत असावा.

बाईंनी भिंग काढलं. कक्षात दस्तगीर एका कोपऱ्यात बाटल्या पुशीत होता.

"तू ढोंग करत नव्हतीस," त्या म्हणाल्या. मोठ्यानं म्हणाल्या. दस्तगीरनं मान वर केली नाही.

पण हे मानायचं कुणी? स्कॅनमध्ये तो तंतू दिसत नव्हता, आणि का दिसत नव्हता हे बाईंना पुरतं ठाऊक होतं. स्कॅन म्हणजे काही फोटो नव्हे. यंत्र हजारो सावल्या गोळा करतं आणि त्यांतून देह पुन्हा रचतं. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक गोष्टींच्या सावल्या धूसर असतात. अशा ठिकाणी यंत्र आधीच्या तेवीस लाख देहांची आठवण वापरतं. तिथं बहुतेकांत जे असतं ते ठळक करतं. बहुतेकांत नसतं ते धुरकट ओरखडा समजून पुसून टाकतं. दहा हजारांत नऊ हजार नऊशे नव्याण्णव वेळा ते बरोबर ठरतं. मग ते पुसलेलं चित्र नकाशात जातं, आणि तोच नकाशा यंत्रहाताच्या पोटात.

तिसरा नकार आला त्याच संध्याकाळी बाईंनी ऋजुता चौगुलेला फोन लावला. ऋजुता त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता पुण्यात बसून 'देहरचना' सांभाळणारी एकुलती एक माणूस-संपादक.

"मॅडम, मी तुमच्याच फोनची वाट बघत होते," ती म्हणाली. "निबंध मी वाचलाय. तीनदा. गाठीचे सूक्ष्मदर्शकाखालचे फोटोही बघितले. मला पटलंय."

"मग समीक्षकाला का नाही पटत?"

"तो म्हणतो, शस्त्रक्रियेनंतर जखमेत नवे तंतू उगवतात, त्यांची पण अशी गाठ होते. आधीपासून तिथं शाखा होती हे ऑपरेशन झालेल्या एका देहावरून कसं ठरवायचं? आणि मॅडम, खरं सांगू का, हा प्रश्न तुम्हीही मला विचारला असता. तोंडी परीक्षेत."

बाईंना ते कबूल करावं लागलं. विचारला असता, आणि मार्कही कापले असते.

"पण माझ्या सहीला अजून अर्थ आहे," ऋजुताचा आवाज खाली आला. "समीक्षकाला डावलून वर्षातून एक निबंध मी छापू शकते. आजवर एकदाही वापरला नाही तो अधिकार. तुमच्यासाठी वापरते. माझी गुरुदक्षिणा समजा."

हेमांगीबाईंनी मनात हिशेब केला. हो म्हटलं की झालं. पुढच्या अंकात छापून येईल. केदारला पाठवता येईल.

"त्याच्यावर काय छापशील?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"समीक्षकानं नाकारलेलं, संपादकाच्या अधिकारात घेतलेलं, असं छापावं लागत असेल ना?"

"हो. वरच. पहिल्या ओळीत."

"मग नको गं. विशाखाला वर्षभर सगळ्यांनी असंच समजून घेतलं होतं. प्रेमानं. तिला ते नको होतं. आणि नकाशात तर ते तरीही जाणार नाही, नाही का?"

"नाही," ऋजुता म्हणाली. "नकाशा समीक्षकाच्या होकाराशिवाय बदलत नाही."

"म्हणजे यंत्रहात उद्या आणखी कुणाचा तंतू कापेल, आणि तिलाही सांगतील, मनापासून प्रयत्न करा."

फोन ठेवल्यावर बाईंनी दिवा लावला. आपली ओळ म्हटली. थांबल्या. पुढची ओळ म्हटली. समोरच्या घराला कुलूप लागून आठ महिने झाले होते. पण जिन्यात पाऊल वाजलं की अजून त्यांचं लक्ष दाराकडे जायचं.

पुढच्या गुरुवारी अडतीस क्रमांकाला अंत्यसंस्कारासाठी निरोप द्यायचा होता. केदार येऊ शकणार नव्हता. त्यानं सही पाठवली होती आणि सोबत दोन ओळी: 'काकू, तुम्ही आहात म्हणून निर्धास्त आहे. काही सापडलं का?' याचं उत्तर त्यांनी अजून दिलं नव्हतं.

गाडी दारात लागली. दस्तगीरनं पांढऱ्या कापडात देह नीट बांधला, मग कपाटातून एक झाकणाचा डबा काढला. झाकणावर जाड शाईत अडतीस लिहिलेलं. विच्छेदन करताना चरबी निघते, पापुद्रे निघतात, कातडीचे तुकडे निघतात. इथं ते कचऱ्यात जात नसत. दर देहाचा वेगळा डबा असे आणि निघालेलं सगळं, नखाएवढं का असेना, त्या डब्यात पडे. शेवटी देहाबरोबर डबाही जाई. दस्तगीरच्या वडिलांनी, तेही इथंच परिचर होते, ही रीत घातलेली. पहिल्या वर्षाच्या पोरांना दस्तगीर सुरीला हात लावण्याआधी हेच शिकवायचा.

त्यानं डबा देहाच्या पायाशी ठेवला, झाकण पुन्हा एकदा दाबून पाहिलं.

"समदं हाय बगा मॅडम. आपण टाकलं म्हनून ते त्येंचं न्हवतं असं हुतंय व्हय?"

बाईंनी हात जोडले होते ते तसेच राहिले.

गाडी गेल्यावर त्यांनी तिथंच, फाटकाजवळच्या बाकावर बसून ऋजुताला फोन लावला.

"ऋजुता, यंत्र चित्र रचताना जे पुसून टाकतं, ते जातं कुठं?"



"डब्यात," ऋजुता म्हणाली.

"काय?"

"स्कॅनचे नियम ठरवणाऱ्या समितीत मी होते, मॅडम. सगळे म्हणाले, ओरखडे काय ठेवायचे, जागा खातात. मी हट्टाला पेटले. म्हटलं, दर देहाचं पुसलेलं वेगळं ठेवायचं, त्याच्या क्रमांकासकट. मला दस्तगीरमामा आठवत होते. पहिल्याच दिवशी एक पापुद्रा मी चुकून बेसिनमध्ये टाकला होता. मामांनी तो मला हातानं शोधून काढायला लावला. मी रडले होते." ती हसली, आणि मग तिचा आवाज बदलला. "सहा वर्षं झाली. आजवर कुणी एकदाही ते उघडायला मागितलं नाही. माझ्याही डोक्यात आलं नाही, बघा ना."

"आपल्याला मागता येईल?"

"निबंधाच्या लेखकाला समीक्षकाकडे एक विनंती करता येते. तुमची शिल्लक आहे. काय लिहू?"

बाईंनी सावकाश, प्रश्नपत्रिका सांगावी तसं सांगितलं: डावी बाजू, ग्रंथीचा मागचा बांध, मूळ नसेपासून स्वरयंत्रापर्यंतची सरळ रेघ. गळ्यावर शस्त्रक्रिया न झालेले देह. त्या रेघेवर किती जणांत काही पुसलं गेलं?

समीक्षकाला या वेळी अकरा मिनिटं पुरली नाहीत. दुपार गेली. दस्तगीरनं कक्ष धुतला, अडतीसचं टेबल पुसून कोरडं केलं. चारच्या सुमाराला ऋजुताचा फोन आला, तेव्हा ती उभ्यानं बोलत असावी असं वाटलं.

"त्या जागी पुसलेले ओरखडे चार हजारांवर आहेत. बरेचसे खरोखरच धूळ. पण नेमक्या त्या रेघेवर, तेवढ्याच जाडीचे, दोनशे सोळा. मॅडम, दोनशे सोळा माणसं!"

"तो काय म्हणतो?"

"वाचून दाखवते. 'ही माहिती निष्कर्षास पुरेशी नाही. परंतु लेखिकेचा प्रश्न योग्य आहे. शस्त्रक्रिया न झालेल्या एका देहात प्रत्यक्ष विच्छेदनाने शाखा दिसल्यास निबंध पुन्हा विचारात घेता येईल.'" ती थांबली. "त्यानं 'प्रश्न योग्य आहे' असं लिहिलेलं मी पहिल्यांदाच बघतेय."

"दोनशे सोळांतले किती देह शिल्लक आहेत?"

"बाकीच्यांना निरोप देऊन झालाय. तीन उरलेत. एक कोइमतूरला, एक परदेशात. तिसरा अंबाजोगाईला. एक शेतीशाळेचे मास्तर होते, व्यंकटराव लोमटे. त्यांचा निरोप शनिवारी आहे. तिथले विभागप्रमुख तयार आहेत, पण गळा उघडायला मुलीची परवानगी हवी म्हणतात. फोनवर ती नाही म्हणाली. वडिलांना आता आणखी कुणी हात लावायला नको, म्हणाली."

"बरोबरच आहे तिचं," हेमांगीबाई म्हणाल्या. "असं फोनवर कसं सांगेल ती? मी जाते. समोर बसून विचारते. नाही म्हणाली तर मास्तरांना नमस्कार करून परत येईन, आणि कोइमतूरला पत्र लिहीन."

"मी येऊ का पुण्याहून?"

"तू तिथंच बस. निबंध पुन्हा पाठवला की कुणीतरी वाचायला पाहिजे ना, चिडून."

शुक्रवारी सकाळी त्यांनी नेहमीसारखी पूजा केली. संध्याकाळचा नेम घराबाहेर होण्याची ही पहिलीच वेळ, म्हणून लहान निरांजन, दोन वाती आणि काडेपेटी रुमालात बांधून पिशवीत घातली. शेजारी भिंग, चिमटे आणि सुऱ्या ठेवायची चामड्याची घडी. निघताना केदारला लिहिलं, 'सापडलंय. छापून आलं की पाठवते.' समोरच्या कुलपाला त्यांनी सहज हात लावला आणि जिना उतरल्या.

लातूरच्या गाडीवर पोहोचवायला दस्तगीर आला होता. त्याच्या हातात एक कोरा डबा होता, झाकणासकट.

"तिकडं असंल नसंल," तो म्हणाला. "मास्तरांचं काय निघालंच, तर ह्येच्यात ठेवा. आणि त्येंच्या लेकीला पयला ह्यो दावा. मग इचारा."

बाईंनी डबा मांडीवर घेतला. खिडकीशी बसल्या. गाडी सुटायला थोडा अवकाश होता. डब्यात अजून माणसं भरत होती, कुणी कुणाला जागा धर म्हणून ओरडत होतं. नेमाची वेळ नव्हती, तरी त्यांनी डोळे मिटून पहिली ओळ ओठातल्या ओठात म्हटली. मग विशाखाच्या ओळीपुरत्या थांबल्या, आणि तेवढ्यात गाडी हलली.